जाडीचं गणित

वाचनालयातून कादंबरी निवडण्याची मराठी माणसाची रीत आणि मंडईतून कलिंगड निवडण्याची रीत यांत फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी माल आधी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतात आणि मग वरून थापटतात. कलिंगड थापटतात ते आवाज ऐकायला आणि कादंबरी थापटतात ती धूळ झाडायला, इतकंच.

यामागे अर्थशास्त्र आहे. वर्गणी महिन्याची, पुस्तक एका वेळी एक, आणि चकरा मारायच्या आपल्याच पायांनी. तेव्हा एका चकरेत जास्तीत जास्त पानं घरी यावीत, असं कुणाही संसारी माणसाला वाटणारच. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तर ते दोन मिनिटं आधी वाटतं. वर्गणी भागिले पानं. दर पानाचा भाव जितका कमी, तितकी कादंबरी थोर! समीक्षकांनी मग खुशाल आशय, अभिव्यक्ती वगैरे पाहत बसावं.

वाचनालयाच्या खिडकीशी दहा मिनिटं उभं राहिलं की हे शास्त्र कानावर पडतं.

"काहीतरी जाड द्या हो. उन्हाळ्याची सुट्टी आहे."

"ही नेता का? फार चांगली आहे."

"चांगली असेल हो, पण रविवारी दुपारी चहाच्या आत संपेल. मग संध्याकाळी काय करू?"

या प्रश्नाला मराठी समीक्षेत अजून उत्तर नाही.

जाड कादंबऱ्यांशी माझं वैर नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, आणि तिची पुठ्ठ्यांपासून सुटलेली, दोऱ्यानं बांधलेली प्रत नाही असं वाचनालय शोधावंच लागेल. ती जाडी पोकळ नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशी एवढी माणसं आपापली बाजू सांगायला बसल्यावर पानं लागणारच. आमच्या बिल्डिंगच्या वार्षिक सभेत याहून कमी माणसं बोलतात आणि तरी रात्रीचे अकरा वाजतात. रणजित देसाईंच्या 'स्वामी'चं (१९६२) आणि खांडेकरांच्या 'ययाति'चं (१९५९) भाग्यही असंच. शिवाय इतिहास-पुराणातल्या कादंबरीचा घरगुती फायदा मोठा आहे. शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. त्यामुळे घरात चार जण एकच प्रत वाचत असले आणि कुणी कुणाची खूण हलवली, तरी भांडण फार वाढत नाही.

दुःख आहे ते या जाड पुस्तकांच्या मध्ये चेंगरलेल्या बारक्या पुस्तकांचं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. साल १९३९. युरोपातून निघालेली एक बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन सुटलेले ज्यू, आणि त्यांच्यात आपला एक मराठी चक्रधर. त्याची आणि हॅर्टाची ओळख होते, ती वाढते, आणि मुंबई जवळ येत जाते. मुंबईला तो उतरणार, तिला पुढे जायचं. दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षीची ही कादंबरी आणि नाव 'रणांगण', पण तीत तोफ म्हणून धडधडत नाही. एवढा मोठा विषय एवढ्या थोड्या पानांत मावतो, कारण लेखकानं सामान थोडं घेतलं आहे. हातात घेतली तर वहीएवढी भरते, म्हणून पुन्हा फळीवर जाते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, मेंढरांमागं गेलेली पोरं, रिकामी शाळा, आणि शेवटी दुष्काळानं रिकामी झालेली वाडी. यातला एकही माणूस भाषण करत नाही. दुसऱ्या एखाद्यानं दुष्काळावरच दोनशे पानं लिहिली असती. माडगूळकर माणसं उठून जाताना दाखवतात आणि थांबतात. दर पानाचा भाव काढायला बसलो, तर ही कादंबरी फार महाग पडते. दर वाक्याचा काढला, तर हिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. स्वतः ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. पण पुस्तकाला वाचक मिळण्याच्या आड आमचं हे जाडीचं गणित येतं, त्याला ते तरी काय करणार? आणि हा नुसता गमतीचा भाग नाही. वाचनालय नवी पुस्तकं घेताना मागणी बघतं. जुनी काढून टाकायची वेळ आली की बरीच वर्षं न हललेल्या पुस्तकांकडे आधी हात जातो. म्हणजे आपण खिडकीशी उभं राहून नुसतं आठवड्याचं वाचन निवडत नसतो. पुढच्या पिढीला फळीवर काय दिसावं, त्यावर नकळत मत देत असतो.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. कादंबरी तोलू नये, मधूनच उघडावी. सुरुवातीचं पान लेखकानं दहादा घासलेलं असतं आणि शेवटचं आधी वाचणं हा गुन्हा आहे. मधलं पान बेसावध असतं. ते उभ्याउभ्या वाचावं. पाय दुखतात हे दुसऱ्या पानावर लक्षात आलं, तर पुस्तक ठेवून द्यावं. मागून ग्रंथपाल "बंद करायची वेळ झाली" म्हणाला आणि आपण ते ऐकलंच नाही, तर मुकाट्यानं नोंद करून घरी न्यावं. किती पानं आहेत ते घरी गेल्यावर बघावं.

आणि रविवारी चहाच्या आत संपलीच, तर चहा पिऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी. दुसऱ्या वाचनाची वर्गणी अजून कुठल्याही वाचनालयानं लावलेली नाही.