अर्धे वाचलेले पुस्तक

दिवाळीत आमच्या आळीत फराळाची ताटे फिरतात. शेजारच्या काकूंकडून चकल्या-अनारशांचे ताट आमच्याकडे येते, आणि नाताळात आमच्या करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट त्यांच्याकडे जाते. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची, हा दोन्ही घरांचा नियम. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण हा नियम पाळत नाही. पुस्तक येते, उशाशी राहते आणि "छान आहे हो" एवढे शब्द घेऊन परत जाते. म्हणजे ताट रिकामेच गेले म्हणायचे!

रविवारी उपासना संपली की आमच्या मंडळीतल्या आम्ही पाचसहाजणी देवळाच्या ओट्यावर थोडा वेळ बसतो. मुलांच्या परीक्षा, कांद्याचा भाव, कोणाच्या सुनेचे माहेरपण, असे सगळे झाले की कोणीतरी हटकून विचारते, "सध्या काय वाचता?" हा प्रश्न निघाला की सगळ्याजणी जरा सावरून बसतात. मग कोणी स्तोत्रसंहितेचे नाव घेते, कोणी एखाद्या भक्तिपर पुस्तिकेचे. कपाटात अर्धी वाचलेली कादंबरी आहे हे कोणी सांगत नाही. मीही सांगत नाही, आणि मी तर कादंबऱ्या लिहिते! जे वाचायला हवे त्याचीच नावे आम्ही घेतो. जे खरोखर वाचतो ते पदराआड ठेवतो. या भिडेने आमच्या वाचनाचे काय नुकसान केले, हे मला या दिवाळीत घरच्या माणसांपुढे बोलावे तसे बोलायचे आहे.

एकाने दुसऱ्याच्या हाती पुस्तक देणे ही मराठी ख्रिस्ती माणसाला काही नवी गोष्ट नाही. इंग्लंडातून 1579 साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली साष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. ते का रचले याची हकीकत ग्रंथाच्या आरंभीच येते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकजण पाद्रीबावांना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग मन रमवायला तशी नवी का देत नाही? शिकवण चांगली आहे हे त्याला मान्य आहे. तरी त्याला पुराण हवे आहे. म्हणजे या साहित्याचा पहिला मोठा ग्रंथ निघाला तो वाचकाच्या तक्रारीतून. पाद्रीबावांनी ती तक्रार उर्मटपणाची मानली नाही. बसून दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या, आणि त्याही मराठीत. आजच्या आमच्या मंडळींत एखाद्या वाचकाने "हे सगळे ठीक आहे, पण मन रमेल असे काही द्या" असे म्हणून पाहावे. त्याला आधी श्रद्धेबद्दल चार शब्द ऐकावे लागतील!

दुसरी हकीकत आगगाडीतली आहे. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होता. बोलणे निघाले ते काव्यावरून. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि हे मनापासून वाचलेत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना तो आगाऊपणा वाटला असल्यास नवल नाही. पण वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून त्यांनी वाचायला घेतले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेवेना. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ कोण होता, हे त्यांना पुढे कधीच कळले नाही. आमच्या व्याख्यानांतून या गोष्टीतल्या भाकिताला फार महत्त्व देतात. मला महत्त्व वाटते ते आधीच्या गप्पांना. ज्याला पुस्तक द्यायचे त्याला काय आवडते, हे त्या माणसाने आधी ऐकून घेतले होते.

तिसरी हकीकत पंडिता रमाबाईंची. लग्नानंतर सिलचरला असताना घरातल्याच ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पुस्तिका सापडली. ती तिथे कशी आली, हे त्यांना ठाऊक नव्हते. कोणी शिफारस केली नाही, कोणी पाठ थोपटली नाही. उलट त्यांचा ओढा दिसताच यजमान नाराज झाले. तरी त्या वाचत राहिल्या. पुढे याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सगळे बायबल साध्या मराठीत उतरवण्याचे काम हाती घेतले. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते केडगावच्या मुक्तिसदनातून छापून निघाले. घरात नुसते पडलेले पुस्तकसुद्धा काय करील याचा नेम नसतो!

आता माझी चूक सांगते. आमच्या मंडळीत एक तरुण मुलगी आहे. लग्नाला चार वर्षे झाली नाहीत तोच तिचा नवरा गेला. मी तिला बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' नेऊन दिले. 1857 सालची मराठीतली पहिली कादंबरी, विधवांच्या दुःखावर लिहिलेली, लेखक आपला. याहून योग्य पुस्तक कोणते, असे मला वाटले. पंधरा दिवसांनी तिने ते परत आणले. म्हणाली, "ताई, पुस्तक चांगलं आहे. पण यात यमुनेला सगळं आधीच माहीत आहे. मला काहीच माहीत नाही."

मी मनात जरा चिडलेच. पण रात्री पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा पोरीने केलेली टीका खरी निघाली. यमुना आणि विनायक गावोगाव फिरतात. ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी येतात. त्या कहाण्या आजही अंगावर येतात. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, 1856 साली झाला होता. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या लेखकाने त्या वेळी हे सारे उघड लिहावे, ही छातीची गोष्ट होती. पण प्रत्येक कहाणीच्या शेवटी उत्तर तयार असते. पुढे विनायक जातो आणि यमुना स्वतः विधवा होते, तेव्हा तरी तिची वाट हरवावी, असे वाचकाला वाटते. ती हरवत नाही. ती ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो आणि हिशेब चुकता होतो. पदमनजींना दुःख दिसत होते, पण ते दुःख घेऊन क्षणभर गप्प बसणे त्यांना साधले नाही. ज्याच्या घरात नुकतेच दुःख आले आहे त्याला ही घाई बोचते. 'यमुनापर्यटन' वाचू नये असे मी म्हणत नाही, अवश्य वाचावे. पण ते 'पहिली कादंबरी' म्हणून मान देण्याजोगे पुस्तक आहे, 'तुझ्यासाठी आणले' म्हणून देण्याजोगे नव्हे. हा फरक मला कळायला हवा होता.

मग मी तिला लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' दिले. देताना म्हटले, "आता हसायला येईल."

येथे शेजारच्या काकूंना मध्ये आणणे भाग आहे. काकूंनी 'स्मृतिचित्रे' तीनदा वाचले आहे. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा तापट तऱ्हेवाईकपणा, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणे, हे सारे त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून सांगतात. एकदा मी विचारले, "आणि पुढे टिळक ख्रिस्ती झाल्यावर?" काकू म्हणाल्या, "पुढचं जरा चाळलं गं. ते तुमचं आहे." मी लगेच तोंड मिटले, कारण आमच्या मंडळीत नेमके उलट चालते. आमच्याकडे 1895 च्या अलीकडचे सगळे प्रस्तावनेसारखे उरकतात आणि बाप्तिस्म्यापासून पुढे लक्ष देऊन वाचतात. एवढे सुंदर पुस्तक, पण दोन घरांनी त्याच्या दोन वाटण्या करून घेतल्या आहेत! एका घराने विनोद नेला, दुसऱ्याने साक्ष नेली. मराठीत या पुस्तकाचे कौतुक उदंड झाले. पण त्यातले बरेचसे कौतुक अर्ध्या पुस्तकाचे आहे, असे माझे मत आहे.

राहिली ती मधली पाच वर्षे, आणि पुस्तकाचा प्राण नेमका तिथे आहे. 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला. 1900 साली लक्ष्मीबाईंनी राहुरीला बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्या ना सधवेसारख्या सधवा, ना विधवा. लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आसऱ्याने पंढरपुरात राहिल्या. पुढे नवऱ्याच्या गावी आल्या, तरी स्वयंपाक आपला वेगळा, सोवळे आपले वेगळे. या काळात त्यांना कोणाचेच उत्तर पटत नव्हते. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना उमगले ते कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. सोवळ्याचा एकेक पदर स्वतः सोडवून पाहताना उमगले. आणि हे सांगताना त्या स्वतःलाही हसतात. मागाहून आलेले शहाणपण त्या आधीच्या लक्ष्मीला उसने देत नाहीत. ती तेव्हा जेवढी भांबावली होती तेवढीच कागदावर भांबावलेली ठेवतात. पदमनजींच्या यमुनेला सगळे आधीच ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंना काहीच ठाऊक नाही, आणि तसे म्हणायला त्या लाजत नाहीत. पदमनजी शिकलेले गृहस्थ होते. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत; अक्षरे गिरवली ती नवऱ्यापाशी, भांडत भांडत. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून 1934 साली पहिला भाग निघाला. मी इतकी वर्षे मुलांना निबंध शिकवते आहे. खरे लिहावे कसे याचा धडा विचाराल तर मी याच पुस्तकाकडे बोट दाखवीन.

तात्पर्य, पुस्तक सुचवणे हेही टीकेचेच काम आहे. "वाचा, उपयोग होईल" असे म्हणणे म्हणजे औषध देणे; आणि औषध देणाऱ्याला रोग्याची नाडी तरी कळावी लागते. त्यापेक्षा आपल्याला ते कुठे लागले, कुठे पटले नाही, कुठल्या पानावर आपण अडलो, एवढे खरे सांगावे. दुसरे असे की, आपल्या यादीला कुंपण घालू नये. आम्ही देवळाच्या ओट्यावर तुकोबांच्या गाथेचे नाव घ्यायला कचरतो; पण खुद्द टिळक सांगत की, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. ज्या पुलावरून घरातले वडील माणूस आले त्याचेच नाव मुलांपुढे घ्यायचे नाही, हा कुठला न्याय? आणि काकूंसारख्या वाचकांनीही "ते तुमचं" म्हणून पाने उलटू नयेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीला विरोध झाला होता. 2024 साली ते गेले. विरोध करणाऱ्यांनी त्यांचे 'सुबोध बायबल' किंवा 'ओअॅसिसच्या शोधात' आधी वाचले असते, तर भांडण निदान पुस्तकावरून तरी झाले असते! वसईचा हा मराठी आवाज आपल्याच अंगणातला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो जरूर ऐकावा.

त्या मुलीने 'स्मृतिचित्रे' चांगले वर्षभर ठेवून घेतले. मी मागितले नाही. गेल्या दिवाळीच्या आधी ती आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही हसायला येईल म्हणाला होता." मी विचारले, "नाही आलं?" ती म्हणाली, "आलं. पण आधी बाई पंढरपुरात मुलाला घेऊन राहतात, तिथे मी तीन महिने थांबले. पुढे जाववेना. त्या बाईलाही पुढचं काही माहीत नव्हतं ना."

मी पुस्तक उघडून पाहिले. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. शाळेत मुलांनी कोपरा दुमडला तर मी रागावते. तो मात्र मी तसाच ठेवला आहे. आता ते पुस्तक काकूंकडे चौथ्यांदा जाणार आहे, या वेळी फराळाच्या ताटाबरोबर. त्यांना मी एवढेच सांगणार आहे की, कोपरा दुमडला आहे तिथून वाचा.