भगवी वस्त्रे आणि अभंगाची वाट

धर्म एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्याच्या सिद्धांतांचे भाषांतर होण्यास फारसा विलंब लागत नाही. कोश जवळ असला आणि अंगी चिकाटी असली, म्हणजे ते काम पार पडते. परंतु त्या धर्माच्या साधनेचे, म्हणजे त्याच्या मौनाचे, एकांताचे आणि प्रार्थनेच्या लयीचे भाषांतर कसे व्हावे, हा प्रश्न निराळा आहे. ख्रिस्ती अध्यात्म ह्या देशात कोठे रुजले आणि कोठे केवळ पाहुणे म्हणून राहिले, ह्याचा विचार करू लागलो म्हणजे तमिळनाडूतील आश्रम आणि महाराष्ट्रातील अभंग अशी दोन उदाहरणे आमच्यापुढे उभी राहतात. त्यांची तुलना करून काही निष्कर्ष निघतो का, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

तिरुचिरापळ्ळीच्या पश्चिमेस, कुळित्तलैजवळ कावेरीच्या काठी, १९५० साली झूल मोंशानँ आणि आंरी ल सो ह्या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी सच्चिदानंद आश्रम स्थापन केला. लोक त्यास शांतिवनम म्हणतात. ल सो हे बेनेडिक्टपंथी साधू. प्रार्थना, श्रम आणि मौन ह्यांची सहाव्या शतकात घालून दिलेली शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. १९४९ मध्ये तिरुवण्णामलै येथे त्यांनी रमण महर्षींचे दर्शन घेतले आणि त्या दर्शनाने त्यांच्या आयुष्याचा ओघच पालटला. ते अभिषिक्तानंद झाले, भगवी वस्त्रे ल्याले, अरुणाचलाच्या गुहांत राहिले. १९६८ मध्ये आश्रमाची धुरा बीड ग्रिफिथ्स ह्या इंग्रज बेनेडिक्टपंथी साधूंकडे आली. त्यांच्या काळात प्रातःकाळी चंदन, माध्यान्ही कुंकू आणि सायंकाळी भस्म लावून उपासना होऊ लागली. आश्रमाचे देऊळही दाक्षिणात्य शिल्पाच्या धर्तीचे आहे.

ह्या प्रयोगावर दोन दिशांनी आक्षेप आले. सीताराम गोयल ह्यांनी १९८८ मध्ये एक ग्रंथच प्रसिद्ध करून, हा धर्मप्रसाराचा नवा वेष होय, असा आरोप केला. दुसरा आक्षेप ख्रिस्ती समाजाच्या आतूनच आला आणि आमच्या मते तो अधिक वर्मी लागणारा आहे. अरविंद निर्मळ ह्यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानात भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन शूद्रांच्या अनुभवातून उभे राहिले पाहिजे असे प्रतिपादन केले, आणि पुढे येथे चेन्नईत, गुरुकुल ह्या लूथरन धर्मविद्यालयात, दलित धर्मचिंतनाचा पाया घातला. ज्या समाजातील बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरून चर्चमध्ये आले, त्यांना 'भारतीय' व्हा म्हणून उपनिषदांच्या दारी नेणे म्हणजे ज्या उंबरठ्यावरून त्यांना हाकलले, तेथेच पुन्हा उभे करणे नव्हे काय?

दोन्ही आक्षेपांत तथ्यांश आहे. तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकाचा प्रश्न तिसराच असतो. ह्या वेषांतराने खरी वाणी प्रकट केली काय? ह्याचे उत्तर आश्रमाच्या गोपुरात मिळत नाही; ते अभिषिक्तानंदांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या दैनंदिनीत मिळते. अद्वैताचा अनुभव आणि ख्रिस्तावरील निष्ठा ह्या दोहोंपैकी एकही सोडवत नाही आणि दोहोंचा मेळही बसत नाही, ही यातना तो गृहस्थ वर्षानुवर्षे लिहीत राहिला. १९७३ मध्ये इंदूर येथे त्यांचे देहावसान झाले. ही दैनंदिनी अस्सल आहे, कारण तिच्यात निर्वाळा नाही, झुंज आहे. पण ती फ्रेंचमध्ये आहे. कावेरीकाठच्या शेतकऱ्याच्या ओठी तिच्यातील एक शब्दही गेला नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. येथील वाट जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ मध्ये छापले गेले. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची गोडी सुटत नाही, हे त्याने ओळखले. त्याने वस्त्रे बदलली नाहीत, ओवी उचलली.

१८६१ ह्या एकाच वर्षी ब्रह्मबांधव उपाध्याय आणि नारायण वामन टिळक जन्मले, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. उपाध्यायांनी सच्चिदानंदाचे संस्कृत स्तोत्र रचले आणि नर्मदाकाठी जबलपूर येथे ख्रिस्ती मठ उभारू पाहिला. चर्चच्या अधिकाऱ्यांनी तो चालू दिला नाही. शांतिवनम हे त्याच कल्पनेचे उशिरा आलेले फळ. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अखेरीस तेही संन्यासाकडे वळले. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. परंतु १९१९ मध्ये ते निवर्तले आणि त्या दरबाराला स्थायी रूप आले नाही. त्यांचे चरित्र १९२३ मध्ये इंग्रजीत लिहिणारे जॅक विन्स्लो हेच १९२२ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक. त्या संघाचा आश्रम पुण्यात नावारूपास आला. म्हणजे आश्रमाची प्रेरणा येथेही होती. पण दरबार मोडला, संघ बदलत गेला, आणि टिकले ते टिळकांचे अभंग. मराठी चर्चमध्ये आजही ते गाइले जातात.

कोणी म्हणेल, अभंग हाही उसना वेषच नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. भगवे वस्त्र ल सो ह्यांनी प्रौढपणी निवडले. अभंग टिळकांनी निवडला नाही, तो त्यांच्या कानी बालपणापासून होता. शिवाय अभंग ही एका वर्णाची मिरास नाही. तो देहूच्या वाण्याने गायिला तसा मंगळवेढ्याच्या चोखोबाने गायिला. त्यामुळे निर्मळ ह्यांच्या आक्षेपाची धार येथे पुष्कळ बोथट होते. ती मुळीच उरत नाही असे मात्र म्हणवत नाही, कारण पंढरीच्या दारातही चोखोबा बाहेरच उभे होते. आणखी एक विशेष असा की, ही साधना प्रपंच सोडून चालली नाही. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईला रीतसर शाळा मिळाली नाही, तिने पतीच्या महाकाव्याचे अध्यायांमागून अध्याय रचावेत, हे कोणत्याही मठातील तपश्चर्येहून उणे नाही.

आजच्या काळी मौन हीही विक्रीची वस्तू झाली आहे. आठवड्याच्या सुटीपुरते ध्यान आणि शुल्क भरून एकांत, अशी सोय सर्व धर्मांच्या नावाने मिळते. अशा वेळी शांतिवनमसारख्या आश्रमांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तेथील त्रिकाळ उपासना माणसाला थांबावयास शिकवते. परंतु थांबलेल्या माणसाला अखेर काहीतरी बोलावे लागते, आणि तो कोणत्या भाषेत बोलतो ह्यावर त्याच्या अध्यात्माची पारख होते. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्याकडे आले. त्या निवडीस विरोध झाला. तरी तो मान एका धर्मगुरूला त्याच्या मराठीमुळे मिळाला, झग्यामुळे नव्हे.

आम्ही मराठी माणसे ह्या तमिळ नगरीत राहतो. कचेरीत इंग्रजी, बाजारात तमिळ, असा आमचा दिवस जातो. पण संकटात तोंडून निघणारा पहिला शब्द कोणत्या भाषेतला असतो, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. वस्त्र, देऊळ आणि तिलक ह्यांचे स्थान त्या शब्दानंतरचे आहे. तो शब्द ज्या साधनेला सापडला, तीच ह्या भूमीची झाली, असा आमचा अभिप्राय आहे.