सर्दीचं खापर लसीवर

मे २०२४मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांचा कोव्हॅक्सिनवरचा पेपर ‘ड्रग सेफ्टी’ या जर्नलमध्ये आला आणि फॅमिली ग्रुपवर एकच ओळ फिरली: एक तृतीयांश लोकांना दुष्परिणाम! कोव्हिशिल्ड आणि रक्ताच्या गुठळ्यांची बातमी नुकतीच येऊन गेली होती. घाबरायला लोक तयारच होते.

मूळ पेपर वाचला तर काय दिसतं? लस घेतलेल्या ९२६ जणांकडे वर्षभरानंतर फोनवरून चौकशी. सर्वांत जास्त नोंदलेली तक्रार म्हणजे श्वसनमार्गाचा विषाणूसंसर्ग, आपल्या भाषेत सर्दी-खोकला: किशोरांत ४७.९ टक्के, प्रौढांत ४२.६ टक्के. आता हा अभ्यास सुरू झाला जानेवारी २०२२मध्ये, ऐन ओमायक्रॉनच्या लाटेत. तेव्हा तुमच्या घरात कोण शिंकत नव्हतं? शेजारी लस न घेतलेल्यांचा रकाना हवा होता, तो नाही. तेव्हा असे लोक सापडणं अवघड होतं, हे मान्य. मग निदान एरवी या तक्रारी किती जणांना असतात, तो आकडा तरी हवा. आमच्याकडे रिलीजनंतर दिसलेला प्रत्येक बग रिलीजवर ढकलला, तर आधीचे लॉग कुठेत, असं पहिल्याच मीटिंगमध्ये विचारतात.

नेमका हाच आक्षेप आयसीएमआरने पत्र लिहून घेतला, आणि तो बरोबरच होता. पण आयसीएमआर इथे त्रयस्थ नाही. कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू त्यांच्याच पुण्यातल्या एनआयव्हीने वेगळा केला. लसीच्या विक्रीवर त्यांना रॉयल्टी आहे. आणि ३ जानेवारी २०२१ला या लसीला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्यातला परिणामकारकतेचा एकही आकडा हातात नव्हता. तेव्हा पुराव्याचा हा आग्रह कुठे गेला होता?

तो पुरावा ‘लॅन्सेट’मध्ये आला नोव्हेंबर २०२१मध्ये. पैसा भारत बायोटेक आणि आयसीएमआरचा, लेखकांत कंपनीचे लोक. एवढ्यावरून पेपर बाजूला सारणारे मित्र मला माहीत आहेत. पण त्यात दुसरा रकाना आहे! लस मिळालेल्या १२,८७९ जणांपैकी १,५९७ जणांनी त्रास सांगितला. प्लासिबो मिळालेल्या १२,८७४ जणांपैकीही १,५९७. दोन्हीकडे १२.४ टक्के. बनारसच्या पेपरमध्ये ही एक ओळ असती तर फॉरवर्ड तिथेच मेला असता. लक्षणं असलेल्या कोविडचे रुग्ण मात्र लसीच्या गटात २४ आणि प्लासिबोच्या गटात १०६.

अर्थात ‘लॅन्सेट’चा पाठपुरावा काही महिन्यांचाच. वर्षभरानंतर काय, हा बनारसकरांचा प्रश्न रास्तच होता, उत्तर कच्चं होतं. कंपनीने लेखकांवर आणि जर्नलच्या संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि सप्टेंबर २०२४मध्ये जर्नलने पेपर मागे घेतला. तुलनेचा गट घेऊन हाच अभ्यास पुन्हा करा, पैसे आम्ही देतो, असं आयसीएमआर त्या पत्रात लिहू शकली असती. पत्रात मागणी होती ती आभाराच्या यादीतून आपलं नाव काढण्याची आणि पेपर मागे घेण्याची.