फुटपट्टीएवढं पाणी

गोसीखुर्दच्या धरणाला ३३ दरवाजे आहेत. वैनगंगेचं पाणी अडवायचं आणि हवं तेवढंच पुढं सोडायचं. गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर एकाच इवल्या दरवाजावर हे काम उरकतो. मला ते कळलं धरणाजवळच्याच एका घरी, गॅस गिझर तपासायला आलेल्या मिस्त्रींमुळे.

सिलिंडरात दर चौरस सेंटीमीटरला काही किलो दाब असतो. उन्हाळ्यात चढतो, थंडीत उतरतो. गिझरला लागतो ३० ग्रॅम. मधली सगळी कपात आतला रबरी पडदा करतो. पुढचा दाब वाढला की तो स्प्रिंगला रेटत वर जातो आणि तरफेनं वाट मिटवतो; ज्योत पेटून दाब उतरला की वाट किलकिली करतो. वीज लागत नाही. रेग्युलेटरच्या अंगावरचं बारीक भोकही या पडद्याच्या श्वासासाठी असतं. कचरा समजून ते बुजवणारे महाभाग आहेत.

पडदा काही दिसत नाही. त्याचं काम दिसतं ते मिस्त्रींच्या नळीत. यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी, निम्मी पाण्यानं भरलेली, आणि मधोमध बांधलेली शाळकरी फुटपट्टी. मला ही फुटपट्टी फार आवडली. ३० ग्रॅम दाब म्हणजे बरोब्बर ३० सेंटीमीटर पाण्याचा भार. पाणी आधी दोन्हीकडे १५ वर. गिझर चालू ठेवून त्याच्याकडच्या जोडातून गॅस नळीत आला, तसं एक बाजू शून्याकडे उतरली, दुसरी तिसाकडे चढली. पट्टी पुरती भरली.

खरी गंमत पुढं आहे. मिस्त्रींनी गिझर बंद केला. पाणी तिसाच्या जरासं वर गेलं आणि थांबलं. त्यांची नजर या थांबण्यावर होती. चढतच राहिलं असतं, तर आतलं रबर झिजलेलं. मग रेग्युलेटर बदलायचा, उघडायचा नाही. नंतर त्यांनी रेग्युलेटरही बंद केला. आता पाइपात कोंडलेला गॅस आणि पाणी, दोघंच. मी पट्टी सरळ करायला हात पुढं केला.

‘हात नोका लावू भाऊ, पानी हालते.’

पाणी हललंच, पण माझ्या हातानं नाही. अर्धं बोट खाली आलं. वासाचा पत्ता नव्हता. इतक्या बारीक गळतीचा नाकाला सुगावा लागत नाही. त्यांनी खिडक्या उघडल्या, साबणाचा फेस जोडांवर फिरवला. काडी पेटवून गळती शोधणारे लोक मी पाहिलेत, म्हणून हे सांगतो. पाइपच्या टोकाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगला. पाइपवरची तारीख पाहिली, तर पाच वर्षं कधीच उलटलेली.

नवा नारिंगी पाइप बसवून त्यांनी पुन्हा नळी लावली. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या पाण्याकडे बघत बसलो. ते जागचं हललं नाही.