मांडरे, चंद्रकांत : निसर्गचित्रे
(१९१३–२००१). मराठी चित्रपट-अभिनेते व निसर्गचित्रकार. कोल्हापूर येथील राजारामपुरीतील त्यांच्या निवासस्थानी राज्य शासनाचे चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. त्यांनी काळ्या भुकटीच्या छटांनी (पावडर शेडिंग) केलेली निसर्गचित्रे एकवर्णी असून, या बाबतीत चिनी शाईचित्रांशी त्यांचे साम्य आढळते. तथापि दोहोंची दृष्टी भिन्न आहे. चिनी चित्रकार धुके व पाणी यांसाठी कागद कोराच ठेवतो आणि दर्शकाची दृष्टी दरीतून शिखराकडे फिरवितो. शाईचा उमटलेला फटकारा पुसता येत नाही. भुकटीची छटा मात्र क्रमाक्रमाने गडद वा फिकट करता येते. त्यामुळे एका ठिकाणाहून पाहिलेला प्रकाश तीतून साकारता येतो. म्हणून केवळ हुबेहूबपणाच्या निकषावर या दोहोंचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.