क्लिफ्ट, मॉन्टगमरी

(१७ ऑक्टोबर १९२०–२३ जुलै १९६६). अमेरिकन रंगभूमीवरील व चित्रपटांतील अभिनेता. जन्म नेब्रॅस्का राज्यातील ओमाहा येथे. *फ्लाय अवे होम* (१९३५) या नाटकातून तो किशोरवयातच ब्रॉडवेवर आला आणि पुढील सुमारे दहा वर्षे रंगभूमीवरच राहिला. दीर्घ मुदतीचा करार करून भूमिका निवडण्याचा हक्क गमावणे त्याला मान्य नव्हते. त्यामुळे हॉलिवुडमध्ये तो उशिरा आणि बऱ्याच अंशी स्वतःच्या अटींवर आला.

हॉवर्ड हॉक्सच्या *रेड रिव्हर* या चित्रपटाचे चित्रीकरण आधी झाले. तथापि फ्रेड झिनेमनचा *द सर्च* प्रथम प्रदर्शित झाला. दोन्ही १९४८ चे. *रेड रिव्हर*मध्ये जॉन वेनसारख्या धिप्पाड नटापुढे त्याने आवाज चढविला नाही. तो केवळ पाहत व ऐकत राहिला आणि तेवढ्याने प्रसंगाचा तोल बदलला. बोलण्यापेक्षा ऐकण्यातून व्यक्तिरेखा उभी करणे, हे त्याच्या अभिनयाचे मर्म होय. संवाद कमी करण्याकडे त्याचा कल असे. मार्लन ब्रँडोशी त्याची नेहमी तुलना होते. पण ब्रँडोचा अभिनय उसळून बाहेर येतो, तर क्लिफ्टचा आत दाबलेला राहतो. *द एअरेस* (१९४९) मध्ये मात्र हा संयम थोडा उपरा वाटतो. त्याची देहबोली एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कला शोभणारी नाही. *अ प्लेस इन द सन* (१९५१) मधील महत्त्वाकांक्षी, दुबळ्या मनाचा तरुण आणि *फ्रॉम हिअर टू इटर्निटी* (१९५३) मधील मुष्टियुद्धाला नकार देणारा बिगुलवादक सैनिक या त्याच्या श्रेष्ठ भूमिका. हिचकॉकच्या *आय कन्फेस* (१९५३) मध्ये तर पापनिवेदनाचे रहस्य राखणाऱ्या धर्मगुरूची सारी भूमिकाच मौनाची आहे.

१२ मे १९५६ रोजी मोटार-अपघातात त्याचा चेहरा छिन्नविच्छिन्न झाला. *रेनट्री काउंटी* (१९५७) चे चित्रीकरण तेव्हा अर्धवट होते. त्यामुळे या सामान्य चित्रपटात त्याचे दोन्ही चेहरे दिसतात. या अपघाताने त्याची कला संपली, असे सर्रास म्हटले जाते. मद्य व वेदनाशामक औषधे यांनी त्याचे शरीर पोखरले, हे खरे. परंतु त्याची कला देखण्या चेहऱ्यावर कधीच उभी नव्हती. ईलिया कझानचा *वाइल्ड रिव्हर* (१९६०) याची साक्ष देतो. *जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग* (१९६१) मधील साक्ष तर एकाच प्रसंगाची: नाझी न्यायालयाने सक्तीने निर्बीज केलेला एक मजूर. तीन शब्द देऊन त्यांचे वाक्य करण्यास सांगितल्याचा उल्लेख निघताच तो अडखळतो आणि आईचे छायाचित्र पुढे करतो. या थरथरीत किती अभिनय आणि किती व्याधी, हे ठरविणे कठीण आहे. पण भूमिकेला नेमके हेच हवे होते.

जॉन ह्यूस्टनच्या *फ्रॉइड* (१९६२) नंतर चार वर्षे त्याचा एकही चित्रपट आला नाही. चार वेळा नामनिर्देशन होऊनही ऑस्कर पारितोषिक त्याला लाभले नाही. *द डिफेक्टर* (१९६६) हा त्याचा अखेरचा चित्रपट. न्यूयॉर्क येथे तो मरण पावला.