शोध कोणाचा?

चिखलदऱ्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्याचा आरंभ ठरलेला असतो: १८२३ साली हैदराबाद कंटिंजंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे थंड हवेचे ठिकाण शोधून काढले. एकाने हे वाक्य लिहावे आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यावे, अशी चालच पडली आहे.

पण शेजारीच गाविलगड उभा आहे. बहमनी अहमदशहाच्या काळापासूनचा. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने मेळघाटाच्या डोंगरांतून तोफा ओढून नेऊन तो घेतला. ज्या डोंगरावर लढाई होऊन वीस वर्षे लोटली, जिथे कोरकू पिढ्यान् पिढ्या राहत आले, तो ‘सापडला’ म्हणजे काय? सापडला असेल तो साहेबाला उन्हाळ्यातला गारवा.

त्या कंटिंजंटचा खर्च निजामाच्या तिजोरीतून, म्हणजे आम्हा मराठवाड्याच्या कुळांच्या साऱ्यातूनही होई. तो थकला, म्हणून १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. (माझ्या डोंगरकड्याच्या नावातच डोंगर आहे, तिथे हवा खायला मात्र कोणी येत नाही.) हा हिशेब चिखलदऱ्याच्या इतिहासात कुठे वाचायला मिळत नाही.

दोष एकट्या माहितीपुस्तकांचा नव्हे. आम्ही कादंबरीकार नायक-नायिकेला धुक्यात नेतो आणि कोरकू माणसाला त्यांची ट्रंक उचलायला लावतो. माझ्याही एका कादंबरीत तो दीड पान येऊन जातो. वर्गातल्या एका मुलाने ती वाचून विचारले, “गुरुजी, त्या माणसाचं नाव काय होतं?”

मी नाव ठेवलेच नव्हते.